कोळंबीचे कवच आणि माणसाची जखम

आपल्या किनारपट्टीवरील घरांत ज्या दिवशी कोळंबी येते, त्या दिवशी ती सोलीत बसलेल्या गृहिणीच्या पुढ्यात दोन ढीग साचत जातात. एक ढीग गरांचा. तो चुलीवर जातो. दुसरा टरफलांचा, तो माडाच्या आळ्यात जातो. गोव्यात कोळंबीला सुंगटे म्हणतात, पण तेथेही टरफलांची वाट हीच. त्या दुसऱ्या ढिगाकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. दुसऱ्या दिवशी दुर्गंधी सुटली म्हणजे तेवढी त्याची आठवण होते. परंतु विद्यार्थिमित्रहो, याच टरफलांतून काढलेल्या एका पदार्थाने रणांगणावर आणि रुग्णालयांत रक्तस्रावाने मरणाच्या दारी पोचलेल्या माणसांस वाचविण्याच्या कामी हातभार लावलेला आहे.

हे ऐकून कोणाही विचारी मुलाच्या मनात एक शंका यावयास हवी. बोटात लाकडाची बारीकशी सल रुतली, तरी बोट सुजते, ठणकते आणि दोन दिवसांत तेथे पू धरतो. शरीर परक्या वस्तूस थारा देत नाही. मग समुद्रातील एका प्राण्याच्या पाठीवरील कवच आपल्या उघड्या जखमेत ते कसे सहन करते? या शंकेचे उत्तर शोधणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कवच कशाचे असते?

कोळंबी, खेकडा, शेवंड या प्राण्यांना आपल्यासारखा हाडांचा सांगाडा आत नसतो. त्यांचा सांगाडा बाहेर असतो. तोच त्यांचे चिलखत आणि तोच त्यांचा आधार. हे चिलखत प्राण्याबरोबर वाढत नाही. म्हणून प्राणी मोठा होऊ लागला की जुने कवच टाकून त्याला नवे धारण करावे लागते.

या कवचात मुख्यतः तीन द्रव्ये असतात. पहिले कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूत व चुनखडीत असते तेच; याने कवचाला कठीणपणा येतो. दुसरे प्रथिन. आणि तिसरे, चिवट तंतूंच्या रूपाने सर्वत्र विणलेले द्रव्य, ते कायटिन. सिमेंटच्या छतात लोखंडी सळ्यांचे जे काम, तेच कवचात कायटिनच्या तंतूंचे. छताला नुसते सिमेंट पुरत नाही. सळ्या नसतील तर ते आपल्याच भाराने तडकेल.

याचा पडताळा घरी घेता येतो. खेकड्याच्या पाठीचे कवच स्वच्छ धुऊन काचेच्या पेल्यात ठेवावे आणि ते बुडेल इतके व्हिनेगर ओतावे. थोड्याच वेळात कवचावर बारीक बुडबुडे दिसू लागतील. व्हिनेगरमधील अम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. ते बुडबुडे त्याचेच. व्हिनेगर रोज बदलीत दोनतीन दिवस कवच तसेच राहू द्यावे. मग ते बाहेर काढून दाबून पाहिले तर पूर्वीचे कठीण कवच चामड्यासारखे लवचीक झालेले आढळेल. आकार तोच, पण ताठरपणा गेलेला. जे उरले ते कायटिन आणि त्याला बिलगून असलेले प्रथिन होय.

कायटिनची रचना समजण्यासाठी मण्यांची माळ डोळ्यांपुढे आणावी. एकाच जातीचे शेकडो-हजारो लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन जो लांबलचक रेणू होतो, त्याला बहुवारिक म्हणतात. कापसाच्या धाग्यातील सेल्युलोज हे असेच एक बहुवारिक. त्याच्या माळेतील प्रत्येक मणी ग्लुकोज या साखरेचा असतो. कायटिन हे सेल्युलोजचे सख्खे भावंड म्हणावे इतके त्याच्यासारखे आहे. फरक एवढाच, की कायटिनच्या प्रत्येक मण्यावर नायट्रोजनयुक्त असा एक लहानसा गट लटकत असतो आणि त्या गटाच्या टोकाला ॲसिटिल नावाचे टोपण बसविलेले असते. या टोपणाची गोष्ट लक्षात ठेवावी; पुढील सारी कथा त्याच्यावरच अवलंबून आहे.

नाव आणि शोध

गंमत अशी की, हा पदार्थ प्रथम सापडला तो कोळंबीत नव्हे, तर आळंब्यांत. फ्रान्समधील नान्सी येथील वनस्पति-उद्यानाचे प्रमुख आंरी ब्राकोनो यांनी १८११ साली आळंब्यांतून तो वेगळा केला. पुढे १८२३ साली ओदिए या संशोधकास कीटकांच्या कठीण आवरणात तो आढळला, आणि अंगरखा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने त्याला कायटिन हे नाव दिले. भुंग्याचे पंखकवच, मुंगीचा जबडा, आळंबीची पेशीभित्ती, खेकड्याची पाठ या सर्वांत कायटिन असते.

कायटिनची एक मोठी अडचण होती. ते पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य अम्लातही विरघळत नाही. जो पदार्थ विरघळत नाही, त्याची पट्टी किंवा पापुद्रा करणे अवघड. १८५९ साली शार्ल रूझे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कायटिन तीव्र अल्कलीत उकळून पाहिले, तेव्हा त्याचा स्वभावच पालटला. ते सौम्य अम्लात विरघळू लागले. या नव्या पदार्थाला १८९४ साली जर्मन शास्त्रज्ञ होप्पे-झायलर यांनी कायटोसान हे नाव दिले. अल्कलीने घडवून आणलेला बदल म्हणजे दुसरे काही नव्हे, मण्यांवरील बहुतेक टोपणे उडवून लावणे. टोपण गेले की आतील नायट्रोजनचा गट उघडा पडतो. अम्लाच्या सान्निध्यात हा उघडा गट धन विद्युद्भार धारण करतो. निसर्गात धनभार वाहणारी अशी शर्करेची बहुवारिके फारच विरळा.

आजही कारखान्यांत हाच मार्ग अनुसरतात. टरफले वाळवून, दळून, प्रथम सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने त्यांतील कॅल्शियम काढतात. मग सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने धुऊन टाकतात. पुढे रंगद्रव्य घालवितात. आणि शेवटी तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवून कायटिनचे कायटोसान करतात. (व्हिनेगरचा प्रयोग घरी करावा, कॉस्टिक सोड्याचा कदापि करू नये. त्याने कातडी व डोळे भाजतात.) आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टरफलांपासून कायटिन व कायटोसान तयार करण्याची कृती विकसित केली. निर्यातीसाठी कोळंबी सोलणाऱ्या कारखान्यांतून निघणाऱ्या टरफलांच्या राशींना तेव्हापासून निराळे मोल आले.

सुसंगती म्हणजे काय?

आता मूळ शंकेकडे वळू. औषधोपचारासाठी एखादा पदार्थ शरीराशी जुळतो की नाही, याला शास्त्रात जैवसुसंगतता असे भारदस्त नाव आहे. पूर्वी अशी समजूत होती की, शरीराशी काहीच न करणारा, अगदी निष्क्रिय पदार्थ हाच सर्वांत उत्तम. १९८६ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत या कल्पनेला निराळी दिशा मिळाली. पदार्थ गप्प बसतो की नाही हे न पाहता, ठरावीक कामासाठी वापरला असता त्याला शरीर योग्य तोच प्रतिसाद देते की नाही, हे पाहावे, असे तेथे ठरले. या व्याख्येतील 'ठरावीक कामासाठी' हे शब्द अतिशय महत्त्वाचे आहेत. सुसंगती ही सोन्याच्या कसासारखी पदार्थाच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. ती पदार्थ, शरीर आणि काम या तिघांच्या संबंधात असते. एकच माणूस एका घरी आप्त आणि दुसऱ्या घरी परका असावा, तसेच हे आहे.

हा प्रश्न आपल्याकडील जुन्या वैद्यांनाही पडला होता. सुश्रुतसंहितेत फाटलेले आतडे जोडण्याची एक रीत सांगितली आहे. आतड्याच्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावा घेववावयाचा आणि मग त्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवून आतडे पोटात परत ठेवावयाचे. मुंगीचा जबडा कायटिनयुक्त असतो. सुश्रुताला कायटिन हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु पोटात ठेवलेली वस्तू पुढे काढावी लागू नये, हा विचार त्या योजनेत स्पष्ट दिसतो.

कायटोसानची परीक्षा घेताना शास्त्रज्ञ तीन प्रश्न विचारतात. पेशींना ते विषारी आहे काय? शरीराची संरक्षक यंत्रणा त्यावर चवताळून उठते काय? आणि काम संपल्यावर त्याचे काय होते? या परीक्षांच्या पद्धती आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकात घालून दिलेल्या आहेत. काचपात्रात वाढविलेल्या पेशींपासून त्यांचा आरंभ होतो, आणि माणसापर्यंत पोचण्याआधी पदार्थाला अनेक पायऱ्या चढाव्या लागतात.

मणी ओळखीचा, माळ परकी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी पाहू, कारण ते सर्वांत सुंदर आहे. मनुष्याचे शरीर कायटिन तयार करीत नाही. म्हणून ही माळ आपल्याला परकी. परंतु तिच्यातील मणी परका नाही. आपल्या गुडघ्याच्या सांध्यात जे बुळबुळीत वंगण असते, त्यातील हायलुरॉनिक अम्लाच्या साखळीत दर दुसरा मणी याच जातीचा असतो. कूर्चेतही या कुळातील शर्करा आहेत. तेव्हा माळ तुटून मणी सुटे झाले, तर त्यांचे काय करावयाचे हे शरीराला अगोदरच ठाऊक असते.

मग माळ तोडणारी कात्री कोणती? अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, लायसोझाइम नावाचे एंझाइम शोधले. ते आपल्या अश्रूंत, लाळेत आणि जखमेतून स्रवणाऱ्या द्रवातही असते. जीवाणूंची भित्ती कातरणे हे त्याचे काम. त्या भित्तीतील साखळी आणि कायटिनची साखळी यांत इतके साम्य आहे की, तीच कात्री दोहोंवर चालते. जी कात्री शत्रूसाठी बाळगली, तीच परक्या माळेचे तुकडे करण्याच्या उपयोगी पडली.

येथे टोपणांची गोष्ट पुन्हा येते. ही कात्री टोपण असलेले मणी ओळखून कातरते. टोपणे पुष्कळ शिल्लक असतील तर माळ लवकर तुटते. जवळजवळ सर्व काढून टाकली असतील तर ती फार दिवस टिकते. म्हणजे कारखान्यात टोपणे कमीअधिक ठेवून पदार्थाचे आयुष्य ठरविता येते. याचा उपयोग कसा होतो ते पाहा. तुटलेल्या नसेची दोन टोके जोडण्यासाठी कायटोसानची बारीक नळी युरोपात वापरात आली आहे. नस रोज साधारण १ मिलिमीटर वाढते. दोन टोकांत २ सेंटिमीटरांचे अंतर असेल, तर ते ओलांडण्यास निदान २० दिवस हवेत. त्याआधी नळी विरघळली तर वाढणाऱ्या नसेला वाट दाखविणार कोण? आणि वर्षानुवर्षे तशीच राहिली तर ती अडगळच होणार.

रक्त थांबते कसे?

कायटोसानचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग रक्तस्राव थांबविण्याचा. रक्तातील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार असतो. सारख्या भारांमुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात आणि रक्त वाहते राहते. कायटोसानवर धनभार असतो. जखमेवर कायटोसानची पट्टी दाबून धरली की तांबड्या पेशी तिच्याकडे ओढल्या जातात, एकमेकींस चिकटतात आणि जखमेच्या तोंडावर घट्ट बूच बसते. बिंबाणूही तेथे जमून कामाला लागतात. विशेष हे की, रक्त गोठविणाऱ्या नेहमीच्या घटकांवर ही क्रिया मुख्यत्वे अवलंबून नसते. म्हणून रक्त पातळ ठेवणारे हेपारिन ज्यांना दिलेले आहे, त्यांच्या बाबतीतही तिचा उपयोग होऊ शकतो.

अमेरिकेत अशा पट्टीला २००२ साली मान्यता मिळाली आणि इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत ती सैनिकांजवळ देण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात रणांगणावरील ६४ प्रसंगांची नोंद आहे. त्यांपैकी ६२ प्रसंगी रक्तस्राव थांबला किंवा कमी झाला. आणि यांतील सुमारे दोनतृतीयांश प्रसंगांत साधी जाळीची पट्टी आधी अपुरी पडलेली होती. अर्थात हा युद्धभूमीवरील अनुभवांचा संग्रह होता. दोन गट करून, तुलना करून घेतलेली परीक्षा नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. भारतातही अशा पट्ट्या आता तयार होतात.

पण ज्या धनभाराने जखमेवर प्राण वाचतात, तोच धनभार रक्तवाहिनीच्या आत घातक ठरू शकेल. वाहत्या रक्तात धनभारित कायटोसान मोकळे सोडले, तर तेथेही ते पेशींचे पुंजके करील, त्यांच्या भित्तींना इजा करील, आणि असा पुंजका एखाद्या सूक्ष्म वाहिनीत अडकेल. पदार्थ तोच, शरीर तेच. काम बदलले आणि मित्राचा शत्रू झाला. चेस्टरच्या व्याख्येतील ते शब्द किती मोलाचे होते, हे येथे कळून येते.

कोळंबीचे वावडे असेल तर?

पुष्कळांना कोळंबी-खेकड्यांचे वावडे असते. खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठतात. क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. मग त्यांच्या जखमेवर कोळंबीच्या टरफलाची पट्टी कशी चालेल? हा प्रश्न रास्त आहे.

या वावड्याला मुख्यतः कारण होते ते ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन, आणि ते असते मांसात. कायटोसान हे प्रथिन नव्हे, ते शर्करांचे बहुवारिक आहे. टरफलाला चिकटलेले प्रथिन नीट धुऊन काढले असेल, तर वावड्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. अमेरिकेत असे वावडे असलेल्या लोकांवर पट्टीची परीक्षा घेण्यात आली. तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. परीक्षा पुरी केलेल्या १० जणांपैकी एकालाही कायटोसानचा त्रास झाला नाही. दहा ही संख्या लहान आहे, म्हणून डॉक्टर अजूनही सावधपणे विचारपूस करतात, आणि ते योग्यच आहे. असे वावडे आपल्याला असेल तर ते डॉक्टरांस न विसरता सांगावे. आळंबीवर्गीय बुरशींपासूनही आता कायटोसान काढतात. कोळंबी ज्यांना वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग सोयीचा आहे. ब्राकोनोचा १८११ सालचा शोध असा दोनशे वर्षांनी पुन्हा कामास आला.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

कायटोसान निसर्गातून आले म्हणून ते शरीराला मानवते, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे म्हणणे फसवे आहे. सर्पाचे विषही नैसर्गिकच असते. कायटिनचे अतिसूक्ष्म कण शरीरात शिरले तर संरक्षक पेशी जाग्या होऊन दाह उत्पन्न करू शकतात. टरफलात समुद्रातील जड धातू आलेले असू शकतात. धुण्यात कसूर झाली तर प्रथिने राहतात. आणि जीवाणूंच्या भित्तीतील विषारी अंश कायटोसानच्या धनभाराला चिकटून राहिले, तर ताप आणतात. म्हणून शेतात किंवा पाणी शुद्ध करण्यासाठी वापरावयाचे कायटोसान निराळे, आणि जखमेवर ठेवावयाचे निराळे. दोहोंचे नाव एकच असले, तरी त्यांच्यामधील अंतर शुद्धीकरणाच्या आणि कसोट्यांच्या श्रमांनी भरलेले असते.

विद्यार्थिमित्रहो, माडाच्या आळ्यात टाकलेले टरफल आपण तसेच जखमेवर लावले, तर ती जखम खात्रीने चिघळेल. त्या टरफलाचे औषध झाले ते कोणा चमत्काराने नव्हे. कोणी ते अम्लात घालून पाहिले, कोणी अल्कलीत उकळले, कोणी त्याच्या विद्युद्भाराचा विचार केला, आणि कोणी त्याचा अपाय कोठे होतो हेही चिकाटीने शोधले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ही पट्टी जखमेवर नुसती ठेवून भागत नाही. ती काही मिनिटे घट्ट दाबून धरावी लागते. रस्त्यावर अपघात झाला आणि कोणाचे रक्त भळभळ वाहू लागले, तर त्या ठिकाणी कायटोसान बहुधा नसणार. पण स्वच्छ फडके आणि दोन हात असतील. फडके जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबावे, पुनःपुन्हा उचलून पाहू नये आणि दुसऱ्याला मदतीसाठी पिटाळावे. रुग्णालय गाठेपर्यंत या दाबानेच पुष्कळांचे प्राण वाचतात. हे ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असावे.